खर्जाला सोबत हवी

मार्च महिन्यात दहावीची परीक्षा संपते आणि मालवणच्या किनाऱ्यावरील घरांत एक निराळीच शांतता पसरते. पाठ्यपुस्तके माळ्यावर जातात, अंगणात आमसुले वाळू लागतात, मुंबईच्या चाकरमान्यांना यायला अजून अवकाश असतो. अशाच एखाद्या दुपारी पंधरा-सोळा वर्षांचे मूल आईजवळ येते आणि बराच वेळ घुटमळून म्हणते, "मला बेस गिटार शिकायची आहे."

घरात क्षणभर कोणी काही बोलत नाही. मग आजोबा चष्मा काढून विचारतात, "गिटार माहीत आहे. ही बेस म्हणजे कोणती?" मूल मोबाइलवर छायाचित्र दाखवते. आजोबा तारा मोजतात आणि म्हणतात, "चारच? मग दोन तारांचे पैसे परत देतात की नाही?" सगळे हसतात. मूलही हसते, पण त्या हसण्यात ते थोडे मागे सरकलेले असते, हे आईच्याच लक्षात येते. त्यानंतर सूचनांचा वर्षाव होतो. पेटी घरात आहे, ती शीक. तबला शीक, कुठेही उपयोगी पडेल. आणि शिकायचीच असेल तर निदान साधी गिटार शीक. चार लोकांपुढे एखादे गाणे तरी म्हणता येईल.

या सूचनांत वाईट हेतू मुळीच नसतो. परंतु ज्या मुलाने पुढे उभे राहून वाजवायचे वाद्य सोडून मागे उभे राहून वाजवायचे वाद्य निवडले, त्याने पुष्कळ ऐकून आणि विचार करून ही निवड केलेली असण्याचा संभव अधिक असतो. त्या निवडीचा मान राखावयाचा असेल तर हे वाद्य म्हणजे काय, हे घरातील निदान एका मोठ्या माणसाने समजून घेतले पाहिजे.

बेस गिटार हे तसे तरुण वाद्य आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंदात खर्जाचे काम पूर्वी डबल बेस हे माणसाच्या उंचीचे, उभे धरून वाजवायचे लाकडी वाद्य करीत असे. ते वाहून नेणे कठीण आणि मोठ्या वाद्यमेळात ऐकू येणे त्याहून कठीण. अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये गिटारप्रमाणे गळ्यात अडकवता येईल, पडदे असलेले आणि विजेवर चालणारे बेस वाद्य बाजारात आणले. त्यानंतर जगभरच्या लोकप्रिय संगीताचा पाया याच वाद्याने धरला. आपल्याकडेही हे वाद्य परके राहिलेले नाही. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांची बेस गिटार होती, आणि ती गाणी आजही घरोघरी ऐकली जातात. ऐकणाऱ्याला गायक आठवतो, चाल आठवते; चालीखालून सरकत जाणारा तो जाड स्वर मात्र नाव न सांगता आपले काम करून जातो.

भारतीय कानांना हे काम समजावून सांगणे अवघड नाही. पखवाजाचे एकलवादन चालू असताना पेटीवर एकच लहरा पुनःपुन्हा वाजत राहतो. वादक कितीही दूर भरारी मारो, समेवर परत येण्याची जागा तो लहरा राखून ठेवतो. तानपुऱ्याची खर्जाची तार गायकाला सतत घराची वाट दाखवते. बेस गिटार ही दोन्ही कामे एकत्र करते. स्वराला जमीन देते आणि तालाला खांब देते. दशावताराच्या रात्री रंगभूमीवर राजा आणि राक्षस झुंजत असतात, त्या वेळी बाजूला बसलेले पेटी आणि पखवाजवाले ज्या निष्ठेने प्रसंग तोलून धरतात, त्याच जातीचे हे काम आहे. सिंधुदुर्गातील मूल अशा कामाचे मोल लहानपणापासून पाहत आलेले असते.

आता पहिली अडचण. घरच्यांनी बेस गिटार खऱ्या अर्थाने ऐकलेलीच नसते. याचे कारण अगदी साधे आहे. या वाद्याच्या सर्वांत जाड तारेचे सेकंदाला सुमारे ४१ आंदोलने होतात, म्हणजे तिचा स्वर ४१ हर्ट्झचा असतो. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरला इतका खालचा स्वर उमटवता येत नाही. त्यामुळे मूल मोठ्या उत्साहाने मोबाइल पुढे करून "हे ऐका" म्हणते, तेव्हा ज्या गोष्टीसाठी ते धडपडत असते नेमकी तीच गोष्ट त्यातून गळालेली असते. घरच्यांना गायन ऐकू येते, ताल ऐकू येतो. आणि यात तुझी बेस कुठे आहे, हा प्रश्न प्रामाणिकपणे पडतो. म्हणून खरेदीच्याही आधी करावयाची पहिली मदत म्हणजे बरे हेडफोन घेऊन मुलाशेजारी बसणे, एखादे ओळखीचे जुने हिंदी गाणे लावणे आणि गायकाकडे कान न देता त्याच्या तळाशी काय चालले आहे ते शोधणे. दोन-तीन वेळा ऐकल्यावर तो स्वर सापडतो, आणि एकदा सापडला की पुन्हा हरवत नाही.

या साध्या गोष्टीचे महत्त्व किती, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. बीटल्स या वाद्यवृंदाचे पॉल मॅकार्टनी हे जगातील सर्वांत नामवंत बेस वादकांपैकी एक. त्यांचे वडील जिम हे कापसाच्या व्यापारात विक्रेत्याचे काम करीत. तरुणपणी त्यांचा स्वतःचा हौशी बँड होता. घरात संगीत चालू असताना खालचा स्वर कोणता, तो बेस कसा, हे ते मुलाला दाखवून देत. मुलाच्या चौदाव्या वाढदिवसाला त्यांनी ट्रम्पेट आणून दिले. ट्रम्पेट वाजवताना गाता येत नाही हे लक्षात आल्यावर मुलाने ते बदलून गिटार घेतली. पुढे १९६१ मध्ये बँडमधील बेस वादकाने वाद्य सोडले आणि दुसरे कोणी तयार नसल्यामुळे ते काम पॉल यांच्याकडे आले. त्या क्षणी त्यांना ते फारसे हवेसेही नव्हते. परंतु खालचा स्वर वेगळा काढून ऐकण्याची सवय घरातच लागलेली होती, ती कामी आली. वडिलांनी दिलेले वाद्य मुलाकडे टिकले नाही. वडिलांनी दिलेला कान मात्र आयुष्यभर टिकला.

कान तयार झाला की खरेदीकडे वळावे. वाद्य हातात न घेता केवळ चित्र पाहून मागवणे शक्यतो टाळावे. कोल्हापूर, पणजी किंवा मुंबईची फेरी होणार असेल तेव्हा मुलाला बरोबर नेऊन, दुकानात बसवून, वाद्य मांडीवर ठेवून पाहावे. नेहमीच्या बेस गिटारची तार घोडीपासून माथ्यापर्यंत ३४ इंच भरते. लहान चणीच्या मुलामुलींना पहिल्या पडद्यापर्यंत हात ताणताना ती जड जाते. अशांसाठी सुमारे ३० इंचांची आखूड बेस मिळते, आणि ती काही खेळणे नव्हे. मॅकार्टनी यांची व्हायोलिनच्या आकाराची प्रसिद्ध बेसही आखूड जातीचीच आहे. मूल डावखुरे असेल तर ते आधीच सांगावे. डावखुऱ्यांसाठी वेगळे वाद्य असते. वाद्याचे वजन चार किलोच्या आसपास असते, म्हणून खांद्यावरचा पट्टा रुंद घ्यावा. तो नायलॉनचा किंवा सुती मिळतो, तेव्हा चामड्याची वस्तू घरात नको असणाऱ्यांनी चिंता करू नये. जुन्या डबल बेसला आतड्याच्या तारा लावीत. बेस गिटारच्या तारा पोलाद आणि निकेलच्या असतात.

खर्चाचा हिशेब आधीच कागदावर मांडावा, म्हणजे नंतर कुरकुर होत नाही. आजच्या भावाने नवी, साधी परंतु वाजवण्याजोगी बेस गिटार साधारणपणे बारा ते वीस हजार रुपयांच्या दरम्यान येते. घरच्या सरावापुरता लहान अ‍ॅम्प्लिफायर त्याखेरीज लागतो. तो बेससाठीच बनवलेला असावा. साध्या गिटारचा अ‍ॅम्प किंवा घरातील टेपरेकॉर्डरचा स्पीकर या खर्जाने फाटू शकतो. ठरवलेल्या रकमेतील साठ टक्के वाद्यावर, पंचवीस टक्के अ‍ॅम्पवर आणि उरलेली रक्कम वायर, पट्टा, पिशवी व तारांच्या एका जादा संचासाठी राखून ठेवली तर विभागणी ठीक बसते. स्वर जुळवण्याचे यंत्र वेगळे घ्यावे लागत नाही; मोबाइलवरचे मोफत अ‍ॅप पुरते. या खरेदीसाठी हप्ते बांधून घेऊ नयेत. हप्ता चालू असलेल्या वाद्याकडे घरातील प्रत्येक जण वसुलीच्या नजरेने पाहू लागतो, आणि ती नजर मुलाला कळते.

जुने वाद्य मिळत असेल तर ते अवश्य पाहावे. मात्र जाणकाराला बरोबर न्यावे. मान धनुष्यासारखी वाकलेली नाही ना, प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबली असता खरखर न होता स्वच्छ वाजते ना, खुंट्या घट्ट आहेत ना, आवाजाचे बटण फिरवताना करकर येत नाही ना, एवढे तपासले तरी बरीच फसवणूक टळते. तारा पडद्यांपासून फार उंच असतील तर बोटे दुखून मूल आठ दिवसांत कंटाळते. हा दोष वाद्य नीट लावून घेतल्याने दूर होतो. मात्र तो दोष माहीत नसल्यामुळे "याच्याच्याने होत नाही" असा निष्कर्ष घरात निघतो, आणि ते मुलावर अन्यायाचे होते.

कोकणात राहणाऱ्यांनी हवेचाही विचार केला पाहिजे. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि किनाऱ्यावर उरलेले आठ महिने खारा वारा असतो. लोखंडी खिडक्यांची जी गत होते तीच तारांची होते. वाजवून झाल्यावर प्रत्येक तार कोरड्या सुती कापडाने वरून आणि खालून पुसण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. हात धुऊन, कोरडे करून मगच वाद्याला लावावेत. पावसाळ्यात वाद्य भिंतीला टेकवून ठेवू नये आणि पिशवीत महिनोन्‌महिने बंदही ठेवू नये. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि वाद्य रोज बाहेर काढावे. मानेच्या आत लोखंडी सळई असते. दमट हवेने मान हलली तर ती सळई अगदी थोडी फिरवून मान सरळ करता येते, पण हे काम माहितगाराकडूनच करून घ्यावे. अ‍ॅम्प तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटलाच लावावा आणि गडगडाट सुरू होताच वायर काढून ठेवावी. वीज गेली तरी सराव थांबवण्याचे कारण नाही. विजेविना ही गिटार इतकी हळू वाजते की शेजारच्या खोलीतील झोपलेले माणूसही जागे होत नाही.

वाद्य घरात आले की पहिला महिना हातांचा. रोज वीस मिनिटे पुरेत. मात्र ती रोज हवीत. रविवारी तीन तास आणि सहा दिवस शून्य, यापेक्षा आवर्ती ठेवीसारखा थोडा थोडा भरणा कितीतरी अधिक फळतो. उजव्या हाताच्या तर्जनी आणि मध्यमेने आळीपाळीने तार ओढावी, डाव्या हाताच्या बोटाने पडद्याच्या अगदी मागे दाबावे. बोटांची टोके पहिल्या पंधरवड्यात दुखतात, मग कातडी निबर होते. दुखणे टोकांपुरते असेल तर काळजी नाही. मनगटात किंवा कोपरात कळ येऊ लागली तर मात्र थांबावे आणि बसण्याची पद्धत तपासावी. तंत्राच्या बाऊने घाबरून जाण्याचे कारण नाही. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांना आधार देणारे जेम्स जेमरसन उजव्या हाताच्या एकाच बोटाने, तर्जनीने, वाजवीत असत.

ज्या घरात थोडे तरी सरगम माहीत आहे, तेथे या वाद्याचा नकाशा एका संध्याकाळी उलगडतो. चार तारा जाडीकडून बारीकीकडे पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच या स्वरांत लावतात. प्रत्येक तार आपल्या आधीच्या तारेच्या शुद्ध मध्यमावर असते. त्यामुळे कोणत्याही पडद्यावर बोट ठेवून त्याला सा म्हटले की त्याच पडद्यावर पुढच्या तारेवर मध्यम, पुढच्या तारेवर दोन पडदे पुढे पंचम आणि आणखी एका तारेनंतर त्याच पडद्यावर तार सा मिळतो. ही आकृती वाद्यावर कोठेही सरकवली तरी बदलत नाही. पट्टी बदलली की पेटीवाल्याला बोटांची सगळी मांडणी बदलावी लागते. बेस वाजवणाऱ्याने फक्त हात सरकवायचा. काळी एकचा सा दुसऱ्या तारेच्या चौथ्या पडद्यावर, पांढरी चारचा जाड तारेच्या पहिल्या पडद्यावर, काळी चारचा जाड तारेच्या चौथ्या आणि काळी पाचचा सहाव्या पडद्यावर. एवढी यादी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली की गावातील बहुतेक गायकांची सोय झाली.

यानंतर, साधारणपणे चौथ्या-पाचव्या आठवड्यात, खरी कसोटी येते. तिच्याविषयी दुकानदार सांगत नाही आणि बहुधा शिक्षकही सांगत नाही. पेटी शिकणारे मूल महिन्याभरात एखादी प्रार्थना वाजवून दाखवते. बासरी शिकणाऱ्याची चालही चुकतमाकत का होईना ओळखू येते. बेस शिकणारे मूल महिनाभर घाम गाळून जे वाजवते, ते ऐकणाऱ्याला "धुम्‌, धुम्‌, धुम्‌" एवढेच वाटते. पाहुणे येतात. कौतुकाने कोणीतरी म्हणते, "काहीतरी वाजवून दाखव बघू." मूल वाजवते. पाहुणे नम्रपणे विचारतात, "छान. पण हे गाणे कोणते?" मूल गाण्याचे नाव सांगते, कोणाच्याही चेहऱ्यावर ओळख उमटत नाही. त्या रात्री वाद्य पिशवीत जाते. दुसऱ्या दिवशी ते बाहेर काढायला हात धजत नाही. आठवडाभराने पिशवी कपाटावर चढते, आणि वर्षभराने घरात तिचा उल्लेख "त्या वीस हजारांचे काय झाले" असा होऊ लागतो.

यात चूक मुलाची नसते, पाहुण्यांचीही नसते. खर्ज एकटा ऐकवण्यासाठी नसतोच. घराचा पाया दाखवून घर कसे आहे असे विचारण्यासारखे ते आहे. म्हणूनच या वाद्याच्या विद्यार्थ्याला, वाद्य आणि शिक्षक यांच्याइतकीच, किंबहुना त्यांच्याही आधी, सोबत लागते. ही सोबत मिळवून देणे हेच पालकांचे मुख्य काम होय. आईला पेटीवर एक भजन येत असेल तर तिने ते वाजवावे आणि मुलाने त्याखाली फक्त सा धरावा. वडिलांना काहीच येत नसेल तर त्यांनी टाळी द्यावी, पण संथ आणि समान द्यावी. आजोबांनी त्यांच्या आवडीचे जुने गाणे गुणगुणावे. पाच मिनिटे अशी गेली की घरातील प्रत्येकाला एकदम कळते की त्या "धुम्‌, धुम्‌"चा अर्थ काय होता. मुलालाही कळते, आणि ते कळणे कोणत्याही कौतुकापेक्षा मोठे असते.

मुंबईच्या मोहिनी डे यांची गोष्ट येथे आठवते. १९९६ मध्ये जन्मलेल्या मोहिनी आज जगातील अग्रगण्य बेस वादकांत गणल्या जातात. उस्ताद झाकीर हुसेन आणि ए. आर. रहमान यांच्यासारख्या कलावंतांबरोबर त्यांनी वाजवले आहे आणि २०२३ मध्ये त्यांचा स्वतःचा पहिला अल्बम आला. त्यांचे वडील सुजय डे स्वतः बेस वादक. त्यांनी मुलीला वयाच्या तिसऱ्या वर्षापासून शिकवण्यास आरंभ केला. मात्र घरच्या शिकवणीवर ही गोष्ट थांबली नाही. अकरा वर्षांच्या आसपासच ज्येष्ठ तालवादक व संगीतकार रणजित बारोट यांनी तिला आपल्याबरोबर वाजवण्यास घेतले. शाळकरी वयाची मुलगी अनुभवी, मोठ्या माणसांच्या मेळात उभी राहिली आणि तेथे तिचा हात घडला. असा पिता प्रत्येक घरी असणार नाही, आणि प्रत्येक मुलाने व्यावसायिक व्हावे असेही नाही. पण मुलाला आपल्याहून जाणत्यांच्या मेळात नेऊन बसवणे, हा या गोष्टीतील भाग कोणत्याही पालकाला जमण्यासारखा आहे. "मुलीच्या जातीला हे अवजड वाद्य कशाला" अशी शंका ज्या घरात निघेल, तेथेही हेच नाव सांगावे. साठच्या दशकात अमेरिकेतील कॅरल के या गिटारवादक स्त्रीने, ध्वनिमुद्रणाला बेस वादक आला नाही म्हणून हे वाद्य हाती घेतले आणि पुढे त्याच वाद्यावर तिने असंख्य ध्वनिमुद्रणे केली, हेही सांगता येईल.

मालवणच्या मुलाला असा मेळ कोठे मिळणार? शहरात बँड असतात, येथे कोण आहे, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. तिला उत्तर येथल्याच मातीत आहे. या जिल्ह्यात वाडीवाडीला भजनी मंडळ आहे. डबलबारीच्या सामन्यांना रात्र रात्र लोक बसतात. पेटी, पखवाज, झांज आणि एकाहून एक खणखणीत गळे, असा तयार मेळ चालत जाण्याच्या अंतरावर असताना मुलाने एकट्याने खोलीत बसून सराव का करावा? घरातील वडीलधाऱ्यांनी मंडळाच्या बुवांकडे स्वतः जावे, मुलाला बरोबर न्यावे आणि मोकळेपणाने विचारावे. बहुतेक बुवा आधी वाद्याकडे पाहून हसतील आणि मग म्हणतील, "बस बाबू मागे. आवाज कमी ठेव, पण सम चुकवू नको." बेस वादनाची अर्धी विद्या या एका वाक्यात आली.

तेथे गेल्यावर मुलाने काय करावे, हेही आधी सांगून ठेवावे. प्रथम पट्टी विचारावी. बुवांची पट्टी काळी चार असेल तर जाड तारेचा चौथा पडदा. पुरुषाच्या गळ्याच्या मध्य सप्तकातील सा-हून हा सा दोन सप्तके खाली लागतो आणि म्हणून तो गळ्याच्या आड येत नाही. पहिले दोन दिवस केवळ ऐकावे. मग आठ मात्रांच्या ठेक्यात पहिल्या मात्रेवर सा आणि पाचव्या मात्रेवर पंचम, एवढेच वाजवावे. राग मालकंस असेल तर पंचम वर्ज्य आहे, तेथे मध्यम घ्यावा. तो त्याच पडद्यावर शेजारच्या तारेवर उभाच आहे. बुवा आलापात असताना हात तारांवर ठेवून गप्प राहावे. अ‍ॅम्पचा आवाज पखवाजाच्या वर कधीही जाऊ देऊ नये. खालचा स्वर भिंतीतून आणि जमिनीतून दूरवर जातो, म्हणून घरी रात्रीच्या सरावालाही हेडफोन वापरावेत, आणि तेही बेताच्या आवाजात. आपल्या आनंदाचा शेजाऱ्याला उपद्रव होऊ नये, हे शिक्षण वाद्याबरोबरच मिळालेले बरे.

शिक्षकाचा प्रश्न उरतो. बेसचा खास शिक्षक जवळपास नसेल तर साध्या गिटारचा जाणकारही बसणे आणि हात धरणे शिकवू शकतो, आणि ताल पखवाजवाला शिकवतो. व्हिडिओ पाहून शिकता येते, पण महिन्यातून एकदा तरी जाणत्या डोळ्यांनी हात पाहिला पाहिजे. वाकडी बसलेली सवय पडद्यावरच्या शिक्षकाला दिसत नाही. ज्यांना परीक्षेची शिस्त हवी त्यांच्यासाठी लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या रॉक अँड पॉप परीक्षांमध्ये बेस हा स्वतंत्र विषय आहे. प्रारंभिक पातळीपासून आठव्या श्रेणीपर्यंत पायऱ्या आहेत. मात्र पहिल्या वर्षी प्रमाणपत्राचा विषय न काढणे श्रेयस्कर. दहावीच्या गुणांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाला आणखी एक गुणपत्रिका नको असते.

अभ्यासाची धास्ती पालकांना वाटणारच. अकरावीचे वर्ष, प्रवेशपरीक्षा, शिकवण्या या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष करा असे कोणी सांगणार नाही. परंतु वाद्य हे अभ्यासाच्या विरुद्ध पारड्यात टाकू नये. "गुण कमी पडले तर गिटार बंद" ही धमकी घरोघरी दिली जाते. तिच्यामुळे गुण वाढोत न वाढोत. वाद्य मात्र चोरट्या आनंदाची वस्तू होऊन बसते. त्यापेक्षा वेळ ठरवून द्यावा. दिवेलागणीची वीस मिनिटे वाद्याची. परीक्षा जवळ आली तर दहा मिनिटांची. पण शून्याची कधीच नाही. आणि एखाद्या वर्षाने मुलाने स्वतःहून सांगितले की हे आपल्याला जमत नाही, तर तेही शांतपणे ऐकावे. वाद्य विकता येते. काही रक्कम परत येते, काही जाते. ऐकायला शिकलेला कान आणि इतरांबरोबर चालण्याची सवय यांना घसारा लागत नाही.

एप्रिलमध्ये आणलेले वाद्य रोजच्या वीस मिनिटांनी चतुर्थीपर्यंत सा आणि पंचमाला पक्के होते. त्या दिवसांत वाडीतील भजनी मंडळ घरोघर फिरते. एखाद्या घरच्या ओसरीवर, दाराच्या कडेला, छोटा अ‍ॅम्प मांडून मूल बसलेले असते. बुवांच्या गळ्याला लोक माना डोलावतात, पखवाजाच्या तुकड्याला दाद देतात. मुलाकडे कोणी पाहत नाही. मध्येच त्याची वायर सुटते आणि खर्ज नाहीसा होतो. बुवा गाता गाता मान वळवून मागे पाहतात. वायर बसते, स्वर परत येतो, बुवा पुन्हा पुढे पाहतात.

रात्री उशिरा मूल घरी येते, पाय धुते, तारा कोरड्या कापडाने पुसते. आजोबा अजून जागे असतात. कसे झाले, लोक काय म्हणाले, असे ते विचारीत नाहीत. ते विचारतात, "आज पट्टी कुठली होती?"

"काळी पाच."

"म्हणजे जाड तारेचा सहावा पडदा," आजोबा म्हणतात, आणि दिवा मालवतात.